प्रश्न तीन दिवस आधी कसा सुचणार?

जाहीर विज्ञान व्याख्यानांच्या संयोजन समितीस खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात व्याख्यानाला आले तेव्हा सभागृहाच्या दारावर तुमचं परिपत्रक चिकटवलेलं होतं. चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. यापुढे व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांना प्रश्न विचारता येणार नाहीत. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी ते नोंदणीच्या अर्जातच, कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी, लिहून द्यायचं. त्यातले निवडक तीन प्रश्न सूत्रसंचालक वाचून दाखवतील. अर्जात शिक्षणाचा रकाना भरणं सक्तीचं. व्यासपीठावरचे प्रयोग बंद. आणि पुढच्या वर्षापासून बारापैकी आठ व्याख्यानं फक्त ऑनलाइन. त्यातून वाचणारा निधी वर्षातून एकदा भरणाऱ्या भव्य विज्ञान महोत्सवाला.

याबद्दल मी समितीला दोन पत्रं पाठवली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. मनात राग धरून लिहीत नाही. बारा वर्षं तुमच्याकडून मला काय काय मिळालं याचा हिशेब माझ्याकडे आहे, आणि तो माझ्याच नावावर थकलेला आहे.

मी हिशेबनीस आहे. शाळेत विज्ञान सुटलं ते सुटलंच. तुमच्या सभागृहात पहिल्यांदा शिरले ती पाऊस थांबेपर्यंत आडोसा हवा होता म्हणून. पाऊस केव्हा थांबला ते कळलं नाही. त्यानंतर मी बहुतेक दर महिन्याला येत राहिले, शेवटून तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारच्या खुर्चीवर. पण हात वर करायचा धीर व्हायला पाच वर्षं गेली.

त्या दिवशी विषय होता विश्वाचं वय. पडद्यावर आकडा होता १३७९ कोटी वर्षं, अधिक-उणे २ कोटी. आमच्याकडे ताळेबंद एका आकड्याने जुळला नाही तर रात्र जागून चूक शोधतात, आणि हे गृहस्थ दोन कोटी वर्षं इकडे की तिकडे हे हसतमुखाने सांगत होते. मला राहवेना. उठून विचारलं, "एवढी चूक असताना आकडा जाहीर कसा करता तुम्ही?" आजूबाजूला हशा पिकला. वक्ते मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, ही चूक नाही, ही मोजमापाची मर्यादा आहे. पहिला आकडा किती भरवशाचा आहे ते सांगणारा हा दुसरा आकडा, आणि हा दुसरा नसेल तर पहिल्यावर विसंबता येत नाही. मग त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही पुढच्या वर्षीच्या खर्चाचा अंदाज देता, तेव्हा तो कितीने चुकू शकतो हे लिहिता का?"

मी लिहीत नव्हते. त्या दिवसापासून लिहिते. माझ्या कामात झालेला हा एकुलता एक वैज्ञानिक बदल आहे, आणि तो आगाऊपणाने विचारलेल्या एका प्रश्नातून झाला.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार प्रश्नांबद्दलच आहे.

तुमच्या व्यासपीठावर झालेला एक प्रसंग सांगते. तुमच्यापैकी निम्मे जण तेव्हा पहिल्या रांगेत होते. विषय ज्वलनाचा. वक्त्यांनी बशीत पाणी घेतलं, मधोमध पेटती मेणबत्ती उभी केली आणि वरून काचेचा ग्लास उपडा घातला. ज्योत विझली, पाणी ग्लासात वर चढलं. "आतला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली," वक्ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण सगळे शाळेत हेच शिकलो होतो. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा हात वर गेला.

"ऑक्सिजन हळूहळू संपतो ना? मग पाणीपण हळूहळू चढायला पाहिजे. ते ज्योत विझल्यावरच एकदम का चढलं?"

वक्ते गप्प झाले. बराच वेळ. मग त्यांनी आणखी दोन मेणबत्त्या मागवल्या. तोच ग्लास, तीच बशी, आता तीन ज्योती. ग्लास तोच म्हणजे आतला ऑक्सिजनही जवळपास तेवढाच, तरी पाणी आधीपेक्षा स्पष्ट दिसेल इतकं वर गेलं. मग त्यांनी सगळ्यांदेखत उत्तर जुळवत नेलं. ज्योतीमुळे आतली हवा तापून फुगते, तिच्यातली काही ग्लासच्या काठाखालून बुडबुड्यांनी निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, तिच्यातली वाफ काचेवर पाणी होऊन बसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब बशीतलं पाणी आत ढकलतो. सगळा ऑक्सिजन संपायच्या बऱ्याच आधी ज्योत विझलेली असते, आणि जेवढा खर्च होतो त्याच्या मोबदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. शेवटी ते त्या मुलीकडे वळून म्हणाले, "मी वीस वर्षं हे चुकीचं सांगत आलो."

आता मला सांगा, त्या मुलीने हा प्रश्न तीन दिवस आधी अर्जात कसा लिहिला असता? पाणी चढताना तिने पाहिलं, म्हणून तो सुचला. आधी लिहून दिलेला प्रश्न विषयाच्या नावावरून सुचलेला असतो, व्याख्यानातून नाही. शिवाय समितीने निवडायचा, सूत्रसंचालकाने वाचायचा, आणि वक्त्यापर्यंतही तो बहुधा आदल्या दिवशीच पोचलेला असणार. त्याच्या उत्तराची स्लाइड तयार असेल. त्याला आपण प्रश्नोत्तरं का म्हणायचं? ज्याने विचारलं त्याला उत्तर न पटल्यास "पण" म्हणण्याचीही सोय नाही. माझ्या अनुभवात खरी मजा त्या "पण"नंतरच सुरू होते.

हा वाद नवा नाही. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेने १९८५ मध्ये वॉल्टर बोडमर यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाचा अहवाल काढला. लोकांना विज्ञान समजलं पाहिजे आणि ते समजावून सांगणं वैज्ञानिकांचं कर्तव्य आहे, असा त्याचा आग्रह होता. हेतू उत्तम. पण पुढच्या पंधरा वर्षांत लक्षात आलं की एका बाजूने सांगत आणि दुसऱ्या बाजूने ऐकत राहून विश्वास तयार होत नाही. २००० साली तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, समितीने विज्ञान आणि समाज यांच्यावरच्या अहवालात भर दिला तो संवादावर. त्याच सुमारास, १९९८ मध्ये, लीड्स शहरात डंकन डॅलस यांनी कॅफे सायंटिफिक सुरू केलं. त्याचा नेमच असा की वक्त्याने थोडक्यात बोलायचं आणि मग बराच वेळ लोकांनी विचारायचं. हा प्रकार पुढे जगभर पसरला. तुमचं परिपत्रक आपल्याला १९८५ च्याही मागे नेतं, कारण त्या अहवालाने निदान श्रोत्यांचं तोंड बंद केलं नव्हतं.

लांबलचक प्रश्नांचा तुम्हाला त्रास होतो, हे मला मान्य आहे. आम्हालाही होतो. "माझा प्रश्न नाही, मला थोडं सांगायचं आहे" असं म्हणून उठणारे ते गृहस्थ (दर महिन्याला असतात, चेहरा फक्त बदलतो) माईक हातात आला की स्वतःचाच सिद्धान्त मांडू लागतात. पण त्यावर उपाय माईक काढून घेणं हा आहे, माईकच बंद करून टाकणं हा नाही. एका माणसाला एक प्रश्न, एक मिनिट, आणि मिनिट संपलं की सूत्रसंचालकाने हसून पुढच्याकडे वळायचं. हे जमत नसेल तर सूत्रसंचालक बदला.

आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० देशांतल्या ३५ संस्थांमधली जवळपास अडीचशे चर्चासत्रं पाहिली गेली. ती वैज्ञानिकांची आपापसातली सत्रं होती, तरीही बायका पुरुषांपेक्षा कितीतरी कमी प्रश्न विचारत होत्या. पहिला प्रश्न पुरुषाचा असला की हा फरक वाढायचा, आणि प्रश्नांना वेळ जास्त मिळाला की कमी व्हायचा. मला हात वर करायला पाच वर्षं का लागली याचं थोडंफार उत्तर त्यात मिळालं. तुम्हाला प्रश्नोत्तरांचं काही सुधारायचंच असेल तर तिथून सुरुवात करता येईल. वेळ वाढवा, आणि पहिला हात कुणाचा उचलायचा याचा विचार करा.

शिक्षणाच्या सक्तीच्या रकान्याबद्दल थोडं बोलायला हवं.

हा रकाना कशासाठी, असं मी कार्यालयात विचारलं. श्रोतृवर्गाचा अंदाज यावा म्हणून, असं सांगितलं गेलं. शक्य आहे. पण त्याच कागदावर पुढे "जागा मर्यादित असल्यास निवडीचा अधिकार समितीकडे राहील" असंही छापलेलं आहे. ही दोन वाक्यं एका अर्जावर शेजारी आली की वाचणाऱ्याने काय समजायचं? माझ्या शेजारी नेहमी बसणाऱ्या आजी आता येत नाहीत. त्यांनी तो रकाना बराच वेळ पाहिला आणि अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला.

याच आजींनी एकदा विचारलं होतं, "चंद्र रोज थोडाथोडा झाकला जातो, तो कशाने?" मागून कुणीतरी लगेच, जरा मोठ्याने, उत्तर दिलं, "पृथ्वीच्या सावलीने." बऱ्याच जणांना ते पटलंही. वक्त्या बाईंनी आजींना हात धरून व्यासपीठावर नेलं, सभागृहातले दिवे घालवले, एकच बल्ब लावला आणि त्यांच्या हातात पांढरा चेंडू दिला. बल्ब सूर्य, चेंडू चंद्र, आजींचं डोकं पृथ्वी. हात लांब करून, डोक्यापेक्षा जरा वर धरून, जागच्या जागी गोल फिरा. आजी फिरल्या. चेंडूचा अर्धा भाग सतत उजळलेलाच होता. त्या अर्ध्यातलं आपल्याला किती दिसतं एवढंच बदलत होतं. कोर, अर्धा, पूर्ण, पुन्हा अर्धा. "सावली कुठे आहे यात?" आजींनी मागे वळून विचारलं. डोक्याची सावली चेंडूवर पडते ती चेंडू, डोकं आणि बल्ब एका रेषेत आले तरच, आणि तेव्हा जे होतं ते ग्रहण. मागच्या माणसाच्या अर्जातला शिक्षणाचा रकाना भरगच्च असणार, याबद्दल मला शंका नाही.

जाहीर व्याख्यानांचा इतिहास तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता, तरी आठवण करून देते. १८१२ साली लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकणाऱ्या मुलाला एका गिऱ्हाइकाने रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. शाळा जेमतेम झालेली. चार व्याख्यानं त्याने ऐकली, नीट टिपणं काढली, आकृत्या काढल्या, त्याचं स्वतःच्या हाताने पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवलं. पुढच्या वर्षी तो डेव्हींचा मदतनीस झाला. तो मायकेल फॅरडे. विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे चुंबक हलवून तारेत वीज निर्माण होणं, त्याने १८३१ मध्ये शोधलं. ज्या जनित्रांवर आपल्या सभागृहातले दिवे चालतात, त्यांचं तत्त्व तेच. त्या गिऱ्हाइकाने तिकिटं देताना शिक्षण विचारलं नव्हतं.

निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८२७-२८ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये संगीताच्या सभागृहात सृष्टीविषयी व्याख्यानं दिली, तीही विनामूल्य. राजघराण्यातली माणसं आणि गवंडीकाम करणारी माणसं एका छताखाली बसली. विद्यापीठाची दारं ज्यांना बंद होती त्या स्त्रियाही मोठ्या संख्येने आल्या. आपल्याकडे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये कोलकात्यात विज्ञानाची संस्था उभी केली तीही लोकांसमोर व्याख्यानं आणि प्रयोग व्हावेत, म्हणून. पुढे १९०७ मध्ये सरकारी वित्त खात्यातला एक तरुण अधिकारी त्या संस्थेत येऊ लागला आणि कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे काम करू लागला. चंद्रशेखर व्यंकट रामन. तेही हिशेबखात्यातलेच. साम्य तिथेच संपतं, हे मला ठाऊक आहे.

प्रयोगबंदीविषयी. कारण सुरक्षिततेचं दिलंय आणि सुरक्षितता हवीच, त्यावर वाद नाही. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, तो पहिल्या रांगेवर उडवायची वस्तू नाही. पण परिपत्रकात धोक्याचे आणि बिनधोक्याचे असा भेदच नाही. मेणबत्ती गेली, चेंडू-बल्बही गेला. लोलकसुद्धा गेला असेल. १८५१ मध्ये लेआँ फुको यांनी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये घुमटापासून ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगला, त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दाखवली आणि पृथ्वी फिरते ते लोकांना डोळ्यांनी पाहू दिलं. तोवर ते लोकांनी फक्त वाचलेलं होतं. जगदीशचंद्र बोस १८९७ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विद्युतलहरींवर बोलायला गेले ते स्वतः घडवलेली उपकरणं बरोबर घेऊन. प्रयोग फसतो, वेळ खातो, टेबल ओलं करतो, सगळं खरं. पण फसलेल्या प्रयोगाच्या वेळी वक्ता काय करतो हे पाहण्यात जे शिकायला मिळतं ते बावन्न स्लाइडमध्ये मिळत नाही. (स्लाइडवरून आठवलं. शेवटून तिसऱ्या रांगेतून तुमच्या पडद्यावरची बारीक अक्षरं कधीच दिसलेली नाहीत. वक्त्यांना तेवढं सांगाल का?)

आता जी तक्रार लिहावी की न लिहावी, याचा मी बरेच दिवस विचार केला ती.

गेल्या वर्षी एका व्याख्यानाला प्रायोजक होता. कुणाचं नाव घेत नाही. मुख्य वक्त्यांच्या आधी प्रायोजकांच्या प्रतिनिधीला पंधरा मिनिटं दिली गेली. त्यांनी त्याच व्यासपीठावरून, तुमच्या संस्थेच्या फलकासमोर उभं राहून सांगितलं की त्यांच्या यंत्रातलं अल्कलीयुक्त पाणी प्यायल्याने रक्तातली आम्लता कमी होते आणि त्यामुळे आजार दूर राहतात. एका बाई उभ्या राहिल्या. आपण परिचारिका असल्याचं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, "रक्ताचा सामू, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. तो पाण्याने बदलला तर माणूस दवाखान्यात जाईल. आणि पोटातल्या आम्लातून तुमचं पाणी तसंच पुढे जातं का?" त्यांना सांगण्यात आलं की हे प्रायोजकांचं निवेदन आहे, यावर प्रश्न घेतले जात नाहीत.

त्या संध्याकाळी सभागृहात शंभरेक माणसं असतील. यंत्राची माहितीपत्रकं घेऊन कितीजण घरी गेले ते मी पाहिलं. विज्ञानाच्या व्यासपीठावरून सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं त्यांना वाटलं असेल तर दोष त्यांचा नाही. तुमच्या व्यासपीठावर लोकांनी इतकी वर्षं विश्वास ठेवला तो तिथे कुणीही उठून "हे कशावरून?" असं विचारू शकत होतं म्हणून. तो विश्वास त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी वापरून घेतला.

त्यानंतर दोनच महिन्यांत प्रश्नबंदीचं परिपत्रक निघालं. दोन्हींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण नाही असं तुम्हीही अजून म्हटलेलं नाही.

ऑनलाइन व्याख्यानांना माझा विरोध नाही. ज्यांना जिने चढवत नाहीत, जे लांब राहतात, ज्यांची पाळी संध्याकाळची असते, त्यांच्यासाठी ती चालू राहायलाच हवीत. शब्द पडद्यावर लिहून आले तर ऐकू न येणाऱ्यांचीही सोय होईल. पण सभागृह बंद करून नव्हे, सभागृहाच्या जोडीला. घरी बसून व्याख्यान पाहताना शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावर "मलाही कळलं नाही" हे वाचता येत नाही. आणि ते वाचता आलं नाही की कळलं नाही हा आपलाच कमीपणा वाटत राहतो.

महोत्सवाचंही तसंच. भरवा, आम्ही येऊ. मुलांना घेऊन येऊ, धूर निघताना टाळ्या वाजवू. मात्र मागच्या महोत्सवात मी एका दालनात विचारलं की फुगा द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर आकसतो आणि बाहेर काढल्यावर पुन्हा फुगतो, म्हणजे आतल्या हवेचं नेमकं काय होतं? ती नुसती आकसते की तिचंही पाणी होतं? तिथल्या स्वयंसेवकाने अत्यंत नम्रपणे सांगितलं, "मॅडम, पुढे सरका, मागे रांग आहे." त्या मुलाचं काही चुकलं नाही, रांग खरंच होती. फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली, सहाही एका मेणबत्तीवर. महोत्सवात मेणबत्तीला सहा मिनिटंही मिळत नाहीत. तो महिन्याच्या व्याख्यानाच्या बदल्यात घ्यायचा असेल तर व्यवहार तोट्याचा आहे, आणि हे मी धंद्याने हिशेबनीस आहे म्हणून सांगते.

मागण्या साध्या आहेत.

प्रश्नबंदी मागे घ्या. दर व्याख्यानाला निदान अर्धा तास खुल्या प्रश्नांसाठी ठेवा, तो वक्त्याच्या वेळेतून कापला गेला तरी चालेल. एक प्रश्न, एक मिनिट हा नियम करा आणि आमच्यासकट सगळ्यांना लावा. ज्यांना उभं राहून बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांची पेटी ठेवा, पण ती व्याख्यान संपल्यावर फिरवा.

अर्जातला शिक्षणाचा रकाना काढून टाका. अंदाजच हवा असेल तर बाहेर पडताना, नाव न विचारता, ज्याला द्यायची त्याच्याकडून माहिती घ्या. जागा कमी पडली तर आधी येईल त्याला बसू द्या.

प्रयोग पुन्हा सुरू करा. कुठले चालतील, किती अंतरावरून, कुणाच्या देखरेखीखाली, याची यादी करा आणि ती लावा. यादी करायला मनुष्यबळ नसेल तर आमच्यातले चार जण यायला तयार आहेत. त्यातली ती परिचारिका आहे आणि एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक आहेत.

प्रायोजक घ्या, पैसे लागतातच. पण व्यासपीठावरून जो कुणी वस्तुस्थिती म्हणून काही सांगेल त्याने प्रश्नांना उत्तरं द्यायची, मग तो वक्ता असो की प्रायोजक. आणि गेल्या वर्षी त्या पाण्याबद्दल जे सांगितलं गेलं त्याचा खुलासा संस्थेने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करावा. उशीर झालाय, तरी करावा.

सभागृहातली बारा व्याख्यानं बाराच ठेवा. ऑनलाइन प्रक्षेपण त्यांचंच करा. महोत्सवासाठी निधी कमी पडत असेल तर जमाखर्च श्रोत्यांसमोर मांडा. तो वाचायला मी विनामोबदला बसेन आणि कुठे काटकसर करता येईल ते लेखी देईन, अधिक-उणेसह.

या पत्राचं उत्तर समितीने जाहीरपणे द्यावं, एवढी विनंती. लेखी दिलंत तरी चालेल. सभागृहात येऊन, समोर उभं राहून दिलंत तर जास्त बरं, म्हणजे आम्हाला त्यावर काही विचारताही येईल.

ता. क. पुढच्या व्याख्यानाची नोंदणी मी नव्या नियमाप्रमाणे केली होती. शिक्षणाच्या रकान्यात "चालू आहे" असं लिहिलं आणि प्रश्नाच्या रकान्यात "व्याख्यान ऐकल्यावर विचारेन". अर्ज काल परत आला. त्यावर "अपूर्ण" असा शिक्का आहे.

आपली,
एक नियमित श्रोती
शेवटून तिसरी रांग, खांबाशेजारची खुर्ची